काचेच्या फळीवर जड ॲम्प्लिफायर ठेवताना आणि तिथून हलवताना

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुमच्याकडे तीन काचेच्या फळ्यांचा, दुसऱ्याकडून विकत घेतलेला स्टँड आहे. फळ्या ८ मिमी जाडीच्या आहेत, डाव्या-उजव्या आधारांमधले अंतर ५५ सेमी आहे आणि फळीची खोली ४० सेमी आहे. मधल्या फळीवर २६ किलोचा ॲम्प्लिफायर आणि वरच्या फळीवर साधारण १२ किलोची टर्नटेबल ठेवायची आहे. माहितीपत्रक मिळालेले नाही. काच टफन्ड (उष्णतेने बळकट केलेली) आहे असे विकणाऱ्याने केवळ तोंडी सांगितले आहे. शिवाय थोड्याच दिवसांत घराला रंग द्यायचा असल्यामुळे हा स्टँड भिंतीपासून चार फूट पुढे घ्यावा लागणार आहे. फळी एवढे वजन पेलेल का, आणि सामानासकट स्टँड सरकवला तर चालेल का, हे तुम्हाला हवे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: सामानासकट सरकवू नका. पहिल्याचे उत्तर काच कोणती आहे, तिच्या कडा कशा आहेत आणि ती कशावर टेकली आहे यावर ठरते, म्हणून ते थोडे सविस्तर द्यावे लागेल. घरोघरी संगीतयंत्रणा बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात मी ज्या फुटलेल्या फळ्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक शांतपणे उभ्या असलेल्या वजनाखाली फुटल्या नव्हत्या. यंत्र ठेवताना त्याचा एक कोपरा आधी टेकला, उचलताना फळी चिकटून वर आली आणि मग खाली पडली, किंवा चाकांचा स्टँड लादीच्या सांध्यावर अडखळला, अशा क्षणी त्या गेल्या. त्यामुळे फळी किती किलो पेलते या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते वजन काचेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते हे पाहणे महत्त्वाचे आहे.

आधी काच ओळखू. साधी फ्लोट काच आणि टफन्ड काच दिसायला सारख्याच असतात. टफन्ड काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. वाकवताना ती साध्या काचेपेक्षा साधारण चार ते पाच पट ताण सहन करते, आणि फुटलीच तर लांब सुळ्यांऐवजी तिचे बारीक तुकडे होतात. काचेच्या कोपऱ्यात कायमचा उमटवलेला शिक्का असेल, त्यात आयएस २५५३ (सुरक्षा काचेचे भारतीय मानक) किंवा उत्पादकाची खूण असेल, तर प्रश्न मिटला. लहान कारखान्यांतून आलेल्या फळ्यांवर मात्र अनेकदा शिक्का नसतो. तेव्हा काचेच्या मागे लॅपटॉपचा पांढरा पडदा चालू ठेवून पोलराइज्ड गॉगलमधून तिरकस पाहावे. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो, त्यामुळे टफन्ड काचेत फिकट-गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. हवेच्या झोतांनी मागे ठेवलेल्या त्या खुणा असतात. साध्या काचेत असा नमुना दिसत नाही. आणखी एक खात्रीची गोष्ट अशी की टफन्ड काच नंतर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही. म्हणून आधीच्या मालकाने एखादी फळी काचवाल्याकडून ‘थोडी लहान करून’ घेतली असेल, तर ती फळी टफन्ड नाही असेच समजा.

आता थोडे गणित करू, कारण त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. २६ किलोचे सगळे वजन ८ मिमी फळीच्या बरोबर मध्यावर, एका रेषेत आले असे धरले, तर तुमच्या मापांनुसार काचेच्या खालच्या बाजूवर सुमारे ८ मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताण येतो. प्रत्यक्षात ॲम्प्लिफायर चार पायांवर उभा असतो. त्याचे डावे आणि उजवे पाय एकमेकांपासून ३२ सेमी दूर आहेत असे धरले, तर वजन आधारांच्या जवळ जाते आणि हाच ताण साडेतीन मेगापास्कलच्या आसपास येतो. काचेच्या स्वतःच्या वजनाचा भाग त्यात फारसा नाही. अशा फळीचे वजन सुमारे साडेचार किलो भरते. साध्या काचेसाठी वर्षानुवर्षे राहणाऱ्या वजनाची सुरक्षित मर्यादा साधारण ८ मेगापास्कल धरली जाते. ही मर्यादा इतकी कमी असण्याचे कारण असे की हवेतला ओलावा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरांमध्ये हळूहळू काम करत राहतो, आणि जो ताण साधी काच काही सेकंद सहज सोसते, त्याचा साधारण एक तृतीयांश ताणच ती कायम सोसू शकते. म्हणजे तुमची फळी साधी असली तरी पाय दूरदूर असलेला ॲम्प्लिफायर कागदावर तिच्यावर बसतो, पण मधोमध जवळजवळ पाय असलेले तेवढ्याच वजनाचे यंत्र थेट मर्यादेवर जाऊन पोहोचते. टफन्ड काचेत दोन्ही बाबतींत भरपूर वाव उरतो.

या हिशेबात गृहीत धरलेल्या तीन गोष्टी मात्र घरात नेहमी खऱ्या नसतात: काचेची कड निर्दोष आहे, फळी दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीभर नीट टेकली आहे आणि वजन हळुवार आले आहे. कडेला टवका उडालेला असेल तर वरचे आकडे विसरा, मग काच कोणतीही असो. फळी काढून, पुसून, चारही कडांवरून सुती कापड फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे उजेडात नीट पाहा. टफन्ड काचेत दाबाखालचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश इतकाच असतो, म्हणजे ८ मिमी काचेत दीड मिमीच्या आसपास. चीर त्याच्या पलीकडे गाभ्यात पोहोचली की संपूर्ण फळी एकाच क्षणी फुटते. टवका उडालेली टफन्ड फळी आज धरून राहते आणि काही आठवड्यांनी, कुणी हातही लावलेला नसताना, जाऊ शकते. अशी फळी मी ग्राहकाला पुन्हा बसवून देत नाही, त्याने आग्रह केला तरी.

इथे लाकडी फळीशी असलेला फरक सांगितलाच पाहिजे. लाकडी फळी जास्त वजनाखाली महिन्यामहिन्याने खचत जाते आणि आपल्याला ते दिसते. तुमच्या काचेवर सगळे वजन मधोमध आले तरी ती पाऊण मिमीइतकीच वाकेल, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. ‘एवढे दिवस काही झाले नाही’ हा काचेच्या बाबतीत पुरावा धरता येत नाही. टफन्ड काच मजबूत असली तरी ताठपणात साध्या काचेइतकीच असते, त्यामुळे किती वाकते ते पाहून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. नवी फळी करून घेणार असाल तर जाडीचा फायदा लक्षात घ्या: ८ ऐवजी १० मिमी घेतली तर ताकद सुमारे दीडपट होते आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट. लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये मऊ पडदा घालून चिकटवलेल्या दोन काचा, फुटल्यावर मधल्या पडद्यामुळे जागेवर धरून राहते, हा मोठा गुण आहे. मात्र कायमच्या वजनाखाली तो मऊ पडदा हळूहळू सैलावतो, म्हणून ६ आणि ६ मिमीच्या लॅमिनेटेड फळीला अखंड १२ मिमी काचेइतकी धरू नये.

आधारांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. काच धातूवर थेट टेकता कामा नये. मध्ये दोन-तीन मिमी जाडीची रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी हवी, आणि ती चारही ठिकाणी सारख्या जाडीची हवी. जुन्या स्टँडमध्ये एखादी पट्टी हरवलेली असते आणि तिथे कुणीतरी पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते. फळी रिकामी असताना चारही कोपरे बोटाने आळीपाळीने दाबून पाहा. ती डुगडुगत असेल तर वजन प्रत्यक्षात तीनच ठिकाणी पेलले जात आहे आणि काच पिळली जात आहे. दोष अनेकदा फळीत नसतो, खालच्या फरशीत असतो. शहाबादीच्या जुन्या फरशीवर तर चारही पाय टेकलेला स्टँड विरळाच. आधी लेव्हल लावून स्टँडचे पाय समतल करा, मग फळी पाहा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर क्रोमचा मुलामा दिलेल्या कंसांवर आणि स्क्रूंवर गंज चढला आहे का तेही पाहा. स्टँडऐवजी भिंतीतल्या शोकेसमध्ये चार खुंट्यांवर ठेवलेली पाच-सहा मिमीची काच असती तर मी एवढी चर्चाच केली नसती. तिथे एवढ्या वजनाचा ॲम्प्लिफायर ठेवू नका. काच टिकली तरी पार्टिकल बोर्डातल्या खुंट्या सुटतात, पावसाळ्यात बोर्ड फुगल्यावर तर हमखास.

यंत्राच्या पायांखाली काय आहे हेही पाहा. स्पाइक, म्हणजे यंत्राचे धातूचे टोकदार पाय, काचेवर थेट ठेवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. सगळे वजन सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येते आणि तिथे चीर सुरू होते. धातूच्या वाटीत स्पाइक ठेवली आणि वाटीखाली फेल्ट असले तर गोष्ट वेगळी. साधे रबरी पाय ठीक आहेत, पण त्यांच्याखाली वाळूचा कण नको. वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असते, आणि २६ किलोच्या यंत्राखाली सापडलेला एकच कण यंत्र सरकवताना लांबलचक ओरखडा ओढतो. म्हणून काचेवर यंत्र सरकवायचे नाही. सरळ उचलायचे आणि सरळ ठेवायचे.

मात्र तुमच्या मधल्या फळीवर सरळ उचलून सरळ ठेवणे जमणार नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. दोन्ही बाजूंना स्टँडचे खांब आहेत, वर दुसरी फळी आहे. दोघांनी डाव्या-उजव्या बाजूंनी धरलेला ॲम्प्लिफायर खांबांच्या आत जातच नाही. मग माणूस एकट्याने समोरून यंत्र छातीशी धरतो, पुढची कड फळीवर टेकवतो आणि आत ढकलतो. त्या क्षणी अर्धेअधिक वजन फळीच्या पुढच्या कडेवर येते, आणि फळी आधारांच्या पुढे थोडी बाहेर आलेली असेल तर तिची मागची बाजू उचलली जाते. यावर मी वापरतो तो उपाय प्लायचा आहे. फळीच्या मापाचा, १८ मिमी जाडीचा, चांगल्या प्रतीचा प्लाय कापून घ्या. वरच्या थराचे रेषे आधारापासून आधारापर्यंत जाणारे असावेत. खालून पातळ फेल्ट लावा आणि प्लाय काचेवर असा ठेवा की त्याच्या दोन्ही बाजू आधारांच्या बरोबर वर येतील. असा प्लाय ताठपणात ८ मिमी काचेच्या तोडीचा असतो, बऱ्याचदा थोडा सरसच. त्यामुळे वाकण्याचा साधारण अर्धा भार तो स्वतःवर घेतो, पायांखालचे टोकाचे दाब पसरवतो, आणि यंत्र त्याच्यावरून सरकवता येते. काचेचे देखणेपण थोडे झाकले जाते हे खरे. ते चालत नसेल तर मधली फळीच काढून तिथे प्लायची फळी बसवा. एवढ्या वजनासाठी माझी पहिली पसंती तीच असते.

ठेवण्याची कृती सांगतो. ॲम्प्लिफायर भिंतीवरच्या बटणापासून बंद करून, वायर काढून थोडा वेळ तसाच राहू द्या. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प्लिफायर असेल तर तो गार होईपर्यंत थांबा आणि त्याचे झाकण उघडू नका, कारण आतला विजेचा दाब काहीशे व्होल्टचा असतो. मागच्या सगळ्या वायरी काढा. एक वायर राहिली तरी ती यंत्राला भलत्याच वेळी मागे ओढते. मग ॲम्प्लिफायरची एकेक बाजू बोटभर उचलून जड बाजू कोणती ते हाताला समजून घ्या. ट्रान्सफॉर्मर बहुधा एका कोपऱ्याकडे असतो, त्यामुळे तोल मधोमध नसतो, आणि उचलल्यावर यंत्र एका बाजूला कलंडते ते यामुळेच. जड बाजूला ताकदवान माणूस. हात चेसिसच्या (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याच्या) खाली, पायांच्या जवळ. पुढच्या पॅनेलला, बटणांना किंवा मागच्या टर्मिनलना धरून उचलू नये. बंद बूट घाला, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

फळीच्या उंचीचे भक्कम टेबल किंवा स्टूल स्टँडच्या समोर अगदी चिकटवून लावा, आणि उंचीत फरक पडत असेल तर टेबलावर पाट्या रचून तो काढा. दोघांनी ॲम्प्लिफायर आधी टेबलावर ठेवा आणि श्वास घ्या. आता एकाने स्टँडच्या मागे जाऊन प्लाय आणि काच दोन्ही हातांनी वरून दाबून धरायची. दुसऱ्याने समोरून यंत्र टेबलावरून प्लायवर हळूहळू सरकवायचे. यंत्राच्या पायांखाली फेल्टचे तुकडे ठेवले की ते फार कमी जोरात सरकते. मागचा माणूस जागा झाली की सांगेल. त्याची बोटे यंत्र आणि खांब यांच्यामध्ये येत नाहीत ना, हे समोरच्याने पाहायचे. एवढ्या काळजीनंतरही यंत्र निसटलेच, तर ते पकडायला हात घालू नका, मागे व्हा. यंत्र दुरुस्त होते.

उलट दिशेने, म्हणजे उचलताना, एक धोका वेगळा आहे. वर्ष-दोन वर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या यंत्राचे रबरी पाय काचेला चिकटतात, उन्हाळ्यात आणि गरम चालणाऱ्या ॲम्प्लिफायरखाली जास्तच. यंत्र उचलले की फळीही त्याच्याबरोबर आधारांवरून वर येते, बोटभर उंचीवर सुटते आणि धातूवर आदळते. म्हणून प्लाय नसलेल्या फळीवरून यंत्र काढताना एकाने फळी खाली दाबून ठेवावी आणि दुसऱ्याने यंत्राचा एकेक पाय मोकळा करून घ्यावा. सहज सुटत नसेल तर पाय आणि काच यांच्यामधून नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढा. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. काचेच्या कडेला धातूचा एक फटका पुरतो.

आता रंगकामाचे. स्टँड रिकामा करताना वरून सुरुवात करा आणि भरताना खालून, म्हणजे तो कधीही वरच्या बाजूला जड होणार नाही. यंत्रे निघाली की काचेच्या फळ्याही काढा. रिकाम्या सांगाड्याला चार फूट पुढे घ्यायला मिनिट लागत नाही. चाके असली तरी फळ्यांसकट ढकलण्याचा मोह टाळा, कारण चाक लादीच्या सांध्याला किंवा उंबऱ्याला अडले की सांगाडा थांबतो आणि वरचे वजन पुढे जाऊ पाहते. काढलेल्या फळ्या आडव्या एकावर एक ठेवू नका. त्या उभ्या, खाली लाकडी पट्ट्या किंवा जाड फोम घालून, भिंतीला किंचित कलत्या ठेवा, मध्ये पुठ्ठा घाला आणि कोपरे गुंडाळा. टाइल्सवर टेकलेला उघडा कोपरा हा टफन्ड काचेचा सर्वांत नाजूक भाग आहे. रंगाऱ्यांना ही जागा दाखवून ठेवा, नाहीतर शिडी तिथेच टेकते. पुट्टी घासल्याची धूळ सगळीकडे बसते आणि तिच्यात खरखरीत कणही असतात, म्हणून परत लावण्यापूर्वी फळ्या, आधारांच्या पट्ट्या आणि यंत्रांचे पाय ओल्या कापडाने पुसून कोरडे करा.

ॲम्प्लिफायरच्या वर हवा खेळायला निदान १० सेमी मोकळी जागा राहू द्या. साधी काच असेल तर तिच्याच दोन भागांच्या तापमानात सुमारे ४० अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच २०० अंशांच्या आसपासचा फरक सोसते. त्यामुळे वरची फळी साधी निघाली आणि ॲम्प्लिफायर क्लास-ए (सतत गरम चालणारा प्रकार) किंवा व्हॉल्व्हचा असला, तर ती फळी बदलणे मी टाळणार नाही. जमत असेल तर ॲम्प्लिफायर सर्वांत खालच्या फळीवरच न्या. स्टँड अधिक स्थिर होतो आणि उचलण्याची उंचीही कमी होते. मधल्या फळीचा तुमचा आग्रह वायरींच्या लांबीमुळे असेल, तर लांब वायर फळीपेक्षा स्वस्त पडते.

टर्नटेबलच्या १२ किलोंची मला चिंता नाही, फळी टफन्ड असेल तर मुळीच नाही. पण ८ मिमी काच पावलांची कंपने सुईपर्यंत पोहोचवते, म्हणून टर्नटेबलखाली सोर्बोथेनचे (कंपने शोषणारे रबरासारखे द्रव्य) किंवा मऊ रबराचे पाय घाला आणि स्पीकर त्याच फळीवर कधी ठेवू नका. बेसच्या कंपनांनी तो फळीच्या कडेकडे सरकत जातो. हलवण्याआधी टोनआर्म (सुई धरणारा दांडा) त्याच्या क्लिपमध्ये अडकवा, सुईचे संरक्षक झाकण लावा, थाळी आणि काउंटरवेट (दांड्याच्या मागच्या टोकाचे तोलाचे वजन) काढून वेगळे गुंडाळा, आणि मगच खालचे धूड उचला.